राखेचे प्रमाण

हिम्मतराव सकाळी पावणेसहाला उठले. लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यातली स्टोअर्सची नोकरी संपून तीन वर्षे झाली होती, पण एकतीस वर्षांची ती सवय शरीराने सोडली नव्हती. त्यांनी पंख्याचा वेग एका आकड्याने कमी केला, अंगावरच्या चादरीची चौपदरी घडी केली, चष्मा पुसला आणि मोरीतल्या नळाजवळ जाऊन क्षणभर उभे राहिले. तारनाक्याच्या त्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येई, आणि येण्यापूर्वी नळ घसा खाकरल्यासारखा आवाज करी. आज पाण्याचा दिवस नव्हता. तरीही ते उभे राहिले. मग त्यांनी दार उघडून कडीला अडकवलेली दुधाची पिशवी काढली. दार लावताना मागच्या खुंटीवरचा प्रयोगशाळेचा पांढरा अ‍ॅप्रन त्यांच्या खांद्याला घासला. रोज घासत असे. तो तिथून काढावा असे वर्षभरात दोघांपैकी कोणीही म्हटले नव्हते. दार थोडे हळू लावायचे, एवढीच त्यावर तोड निघाली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारामती दुधाचे खाडे, सिलिंडर आल्याचा दिवस, टाकीची सफाई असे सगळे बारीक अक्षरात लिहीत असे. आजचा, सोळा सप्टेंबरचा चौकोन कोरा होता. तो कोरा आहे हे त्यांना कालच दिसले होते, आणि म्हणून आज त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले नाही.

सकाळी पेलाभर कोमट पाणी प्यायचे म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. तारामती त्यांच्याआधी उठली होती. ओट्यावरच्या मोठ्या पातेल्यात रात्रभर भिजलेली खुबानी फुगून मऊ झाली होती. हैदराबादेत तीन पिढ्या गेल्यावर या घरातल्या नांदेडकडच्या बोलीत बरेच शब्द येऊन राहिले होते. जर्दाळूला इथे कोणी जर्दाळू म्हणत नसे, फळ ते खुबानी आणि त्यातली कठीण बी ती गुठली. फळांतून काढलेल्या गुठल्या शेगडीवरच्या दुसऱ्या पातेल्यात उकळत होत्या, एकमेकींवर आपटून खडखडत होत्या. म्हणजे तिने दिवस पाळायचे ठरवले होते तर. खुबानी साखरेत शिजवून केलेला मीठा रेणूला फार आवडे. लग्न न झालेल्या मुलीचे वर्ष घालावे की नाही यावर नांदेडच्या नातेवाइकांत दोन मते होती. ती दोन्ही मते तारामतीने फोनवर शांतपणे ऐकून घेतली होती आणि कोणालाच उत्तर दिले नव्हते. उत्तर हे असे शेगडीवर ठेवलेले होते. हिम्मतरावांनी पेला पुढे केला. त्याच वेळी तिने फळीवरून एक पुडी काढली, तिच्यातली पांढरी पूड चिमटीत घेतली आणि उकळत्या गुठल्यांवर भुरभुरली. पाणी फसफसून वर आले, तपकिरी फेस पातेल्याच्या काठापर्यंत चढला. तिने गॅस बारीक केला.

"हे काय टाकायलीस?" त्यांनी विचारले. विचारण्यासारखे काही होते म्हणून नव्हे. आज काहीतरी बोलले पाहिजे, आणि जे बोलायचे ते बोलता येत नाही, म्हणून.

"पापडखार. गर चिकटून बसतो ना गुठलीला. जरासा टाकला की आपोआप सुटतो. बघा आता कवड्यांसारख्या निघतील." तिने पळीने एक गुठली वर काढून दाखवली. खरोखरच ती कवडीसारखी फिकट आणि गुळगुळीत होती. "रेणूला देत होते त्या बी अशाच करून देत होते की."

पेला त्यांच्या हातात होता. पाणी अजून ओतले गेले नव्हते. त्यांनी पुडी उचलली आणि चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरची बारीक छपाई वाचली. वर तेलुगूत आणि हिंदीत पापडांची तारीफ होती. तळाशी, पाकिटे विकणाऱ्याला लिहावेच लागते म्हणून लिहिलेल्या ओळीत, सोडियमचे दोन क्षार दिले होते. सोडियम हा शब्द त्यांना माहीत होता. रेल्वेच्या स्टोअर्समध्ये काढलेल्या जन्मात तो त्यांना कधी लागला नव्हता. तो त्यांना रेणूने शिकवला होता. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका संध्याकाळी, गॅलरीतल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या रेणूने स्वतःच्या तळहातांकडे पाहत विचारले होते, "पप्पा, सोडियम येतंय कुठून?"

तारामतीने पेला त्यांच्या हातातून घेतला, भरला, परत दिला. ते उभेच होते.

रेणूचे संशोधन फळांच्या गुठल्यांच्या कवचावर होते. हे ऐकल्यावर नातेवाईक हसत असत. बीएस्सी, एमेस्सी करून शेवटी गुठल्या, असे तिचा मामा म्हणाला होता, आणि तिने त्याच्याच ताटातली आंब्याची कोय उचलून त्याला प्रवचन दिले होते. हिम्मतरावांना ते प्रवचन पाठ होते. गर लोक खातात, आतली बी झाड होते, आणि मधले कवच फेकले जाते. पण निसर्गाने सगळ्यात जास्त मेहनत त्या फेकायच्या वस्तूवर घेतलेली असते. "स्लॅब बघा, पप्पा," ती जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघा ओढत म्हणायची. सेल्युलोज म्हणजे सळया. लिग्निन म्हणजे त्यांच्यात ओतलेले सिमेंट. लाकडापेक्षा कवचात ते जास्त, म्हणून तर ते दाताने फुटत नाही. आणि हेमिसेल्युलोज म्हणजे सळयांना सिमेंटशी बांधणारी तार. या तिघांचे प्रमाण अचूक कळले तर कवचाचा कोळसा करून त्याने पाणी गाळता येते, कारखान्याच्या सांडपाण्यातले विष त्यात धरून ठेवता येते. त्यासाठी कवच कुटायचे, चाळायचे, भट्टीत वाळवायचे, तीव्र आम्लात विरघळवायचे; सगळे विरघळून जे हट्टाने मागे उरते ते लिग्निन. आणि वेगळा एक ग्रॅम नमुना क्रुसिबलमध्ये घालून पावणेसहाशे अंशांवर जाळायचा. क्रुसिबल म्हणजे सोनाराची मूस, हे त्यांनी तिला सांगितले तेव्हा तिला तो शब्द इतका आवडला की तिने तो प्रयोगशाळेतल्या तेलुगू मुलामुलींनाही शिकवला. मुशीत शेवटी उरते ती राख. जे जळण्यासारखे होते ते सगळे गेल्यावर झाडाने मुळांनी जमिनीतून प्यायलेले जे काही असते तेवढेच: थोडे पोटॅशियम, थोडे कॅल्शियम. खुबानीच्या कवचात ते फारच कमी. हजारात सहा भाग. "एवढीच माती," ती म्हणाली होती, "बाकी सगळं हवा, पाणी आणि ऊन."

पहिल्या खेपेच्या गुठल्या तिने जामबागेच्या एका कॅटरिंगवाल्याकडून आणल्या होत्या. त्यांची राख हजारात सहा भाग भरली. तिच्या मॅडम, प्राध्यापक वसुंधरा, खूश झाल्या. मग तो नमुना संपला, कॅटरिंगवाला गाव सोडून गेला, आणि रेणूने घरात फर्मान काढले: या हिवाळ्यात सगळ्यांनी खुबानी खायची. हिम्मतरावांनी बेगम बाजारातून पाच किलो सुकी खुबानी आणली. रोज सकाळी चार, संध्याकाळी चार. ते टीव्हीसमोर बसून खात आणि गुठली तोंडातून काढून बाजूला धरलेल्या वाटीत टाकत, वाटीत पडताना टण्ण असा आवाज होई, आणि आतल्या खोलीतून रेणू ओरडे, "तेहतीस!" ती मोजत असे. त्या हिवाळ्याइतके हे घर पुन्हा कधी हसले नव्हते. तारामती त्या वाट्या गोळा करी, गुठल्या धुऊन गच्चीवर वाळवी, बत्त्याने फोडून आतली बी काढून ठेवी आणि कवचे पांढऱ्या कापडी पिशवीत भरून देई. रेणूने सांगून ठेवले होते, साध्या पाण्याने धू. आणि नंतर, आकडे बिघडल्यावर, तिने विचारलेही होते. ते हिम्मतरावांना आता अगदी स्पष्ट आठवले, कारण ते त्या वेळी इथेच, याच दारात उभे होते. "आई, साबण नव्हता ना लावलास?" तारामती पोळी उलटत होती. "साबण कशाला लावू बाई खायच्या जिनसाला?" ती म्हणाली होती. ते खरे होते. तिने साबण लावला नव्हता.

"पण रेणू तर साधं पाणी म्हणायची," ते आता म्हणाले. आवाज त्यांनी जपून ठेवला होता, काठोकाठ भरलेले भांडे न्यावे तसा.

तारामतीने वळून त्यांच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, थोडीशी लाज होती. "तिला काय कळतंय त्यातलं. तुमच्या तोंडातल्या उष्ट्या गुठल्या, अहो. विद्येच्या जागी तशाच पाठवायच्या? नुसत्या पाण्यानं उष्टं जातंय का कुठं?" मग पातेल्यात पळी फिरवत, अधिक हळू, "तिकडं मोठमोठ्या घरच्या पोरी यायच्या. कोणी म्हणू नये, हिच्या घरनं असलं येतंय म्हणून."

पाणी गार झाले होते. त्यांनी ते पिऊन टाकले.

आकडे बिघडले ते फेब्रुवारीत. घरच्या गुठल्यांची राख हजारात एकवीस भाग भरली. साडेतीन पट. हेमिसेल्युलोज कमी भरले. रेणूने पुन्हा जाळले, पुन्हा एकवीस. मुशी बदलल्या, भट्टी बदलली, दुसऱ्या विभागातला तराजू मागून आणला. एकवीस. राख तपासली तर तिच्यात सोडियम निघाले, जे खुबानीच्या झाडाने प्यायला नको होते. मग एके दिवशी मॅडमनी विचारले की पहिले आकडे कुठून आले होते, आणि ज्या स्वरात विचारले तो स्वर रेणू घरी घेऊन आली. आकडे मनाने लिहिलेस का, असे त्या म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी फक्त वहीतल्या त्या पानाच्या समासात लाल शाईने दोन शब्द लिहिले होते: ऑपरेटर एरर. करणाऱ्याची चूक. त्या संध्याकाळी गॅलरीत रेणूने बापाला हे सगळे सांगितले, आणि हिम्मतरावांनी, तिला धीर यावा म्हणून, एकतीस वर्षे स्टोअर्समधल्या प्रत्येक नव्या कारकुनाला ऐकवलेले आपले वाक्य तिला ऐकवले. काटा खोटं बोलत नाही बेटा. खोटं बोलतो तो हात. हात पक्का कर, सगळं जमेल. तिने आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाली की माणसाच्या घामात सोडियम असतं.

त्यानंतर ती हात धुऊ लागली. प्रयोगशाळेत दोन दोन हातमोजे घाले, आणि घरी आल्यावर नळाखाली इतका वेळ हात धरून उभी राही की पाण्याच्या दिवशी भरणे खोळंबले म्हणून तारामती ओरडे. मार्चच्या अखेरीला तिच्या बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या. तारामती टीव्ही पाहताना तिचे हात मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळी, आणि रेणू झोपण्यापूर्वी ते तेल साबणाने धुऊन काढी, कारण तेलाचा अंश उद्या नमुन्याला लागला तर. एकाच घरात एक बाई मुलीच्या हाताला तेल लावत होती आणि मुलगी ते धुऊन टाकत होती, आणि आपण ते दोन्ही आवाज ऐकत पेपर वाचत होतो, हे हिम्मतरावांना आता सहन होईना. दोन्ही आवाजांच्या मुळाशी फळीवरची एकच पुडी होती. ते रोज सकाळी तिच्यासमोरच उभे राहून पाणी प्यायले होते.

मे महिन्यात तिने अभ्यास सोडला. भांडण नाही, रडणे नाही. माझ्या हातात ते नाही पप्पा, एवढेच म्हणाली. आणि हे नेहमीचे वाक्य तिने हातांच्या अर्थानेच, शब्दशः वापरले आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. जूनपासून ती दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागली. पहाटेची बस धरायची, फळ्यावर समीकरणे लिहायची, खडूने पांढरे झालेले हात घेऊन परत यायची. हात धुणे थांबले होते, म्हणून त्यांना वाटले, पोरगी सावरली. सप्टेंबरमध्ये ताप आला. डेंग्यू. पाच दिवस. त्या पाच दिवसांत रोज सकाळी प्लेटलेट्सचा एक आकडा यायचा आणि तो आदल्या दिवशीपेक्षा लहान असायचा. चौथ्या दिवशी, सुई लावलेला हात उचलून तिने नर्सला सांगितले, "सांभाळून हं, माझ्या हाताला घाम फार येतो." नर्स हसली. हिम्मतरावही हसले होते. आणि मग, ती गेल्याच्या दुसऱ्या पहाटे, तांब्याच्या कलशात जे त्यांच्या हाती दिले गेले ते इतके थोडे होते की त्यांनी, मनाला मुळीच विचार सुचत नसताना, प्रमाण काढले होते. तो हिशेब त्यांनी कोणाला सांगितला नव्हता.

दहा वाजेपर्यंत मीठा शिजला. तारामतीने गुठल्या फोडून त्यातल्या बिया वर पेरल्या, देवापुढे वाटी ठेवली, अ‍ॅप्रनच्या खुंटीखाली स्टुलावर दुसरी ठेवली. मग ती पांढरी कापडी पिशवी घेऊन आली. तीच पिशवी, कोपऱ्यावर रेणूच्या अक्षरातले पुसट इंग्रजी आर होते. आत कवचे होती, स्वच्छ, पुसून कोरडी केलेली, एकसारखी. "मॅडमला नेऊन द्या," ती म्हणाली. "त्यांना लागतच असतील. पोरीचं काम अर्धं राहिलं, तेवढंच आपल्याकडून." तिने पिशवीचे तोंड दोनदा गाठ मारून बांधले. तिचे डोळे कोरडे होते, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिचा कुठल्यातरी गोष्टीला उपयोग होणार होता. हिम्मतरावांनी पिशवी घेतली. तिचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असावे, असे त्यांच्या हाताने त्यांना सांगितले.

विद्यापीठाचा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडांनी झाकलेला होता. ते सावकाश चालले. सांगायचे की नाही, हा प्रश्न त्यांना मुळी पडलाच नाही. वहीत लाल शाई होती, आणि ती वही कुठल्यातरी कपाटात, त्यांच्या मुलीविषयी ते दोन शब्द रोज बोलत पडलेली होती. प्रश्न होता तो कोणाचे नाव सांगायचे. खरे सांगितले तर ते मॅडमपाशी राहील कशावरून? विभागातली योगिनी, रेणूची मैत्रीण, दर सणाला तारामतीला भेटायला येत असे. एक दिवस ती प्रेमाने, काहीच मनात न ठेवता बोलून जाईल: काकू, कळलं ना, ते पापडखारामुळे होतं. तेवढ्या एका वाक्याने तारामतीच्या हातून सगळे जाईल: त्या वाट्या, गच्चीवरचे ऊन, तेलाची बाटली, आजची ही पिशवी. तिच्याजवळ मुलीची एवढीच सेवा उरलेली होती. आणि नाही सांगितले तर रेणूजवळ काय उरत होते? रस्त्याच्या कडेला एक मुलगा सीताफळांची पाटी मांडत होता. सीताफळाच्या बियांचे कवच, रेणू म्हणायची, अजून कोणी नीट पाहिलेलंच नाही. ते थांबले, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि पुढे निघाले. स्टोअर्समध्ये त्यांनी एक नियम कधी मोडला नव्हता: माल आला की त्याच्यासोबत चिठ्ठी हवी, काय आहे, कुठून आले, वाटेत त्याचे काय झाले, कोणाच्या हातून. चिठ्ठी नसलेला माल ते दारातूनच परत पाठवीत. रेणूच्या पिशवीला मात्र त्यांनी कधी चिठ्ठी मागितली नव्हती. ती घरची होती.

वसुंधरा मॅडमनी त्यांना ओळखायला क्षणभर घेतला, मग घाईने खुर्ची पुढे केली. त्या दख्खनीत बोलत, तेलुगू हेल काढून. आजची तारीख त्यांच्या लक्षात होती. त्यांनी ती उच्चारली नाही, पण चहा मागवताना त्यांचा आवाज बदलला. हिम्मतरावांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच, अहवाल द्यावा तसे सांगितले. घरच्या गुठल्या धुताना पाण्यात पापडखार घालून उकळल्या होत्या. प्रत्येक वेळी. रेणूला ते माहीत नव्हते. तिने साबणाविषयी विचारले होते, आणि साबण नव्हता. आज सकाळी पुडीवर सोडियमचे नाव वाचले म्हणून आलो.

मॅडमनी उठून कपाटातून एक जाड वही काढली, पान शोधले, आणि वही त्यांच्याकडे फिरवली. रेणूचे अक्षर. डावीकडे जामबागेच्या गुठल्यांचे तीन आकडे. उजवीकडे घरच्या गुठल्यांचे, एकाखाली एक, अकरा. खाली पेन्सिलीने, बारीक: सोडियम जास्त. घाम? आणि समासात ते दोन लाल शब्द. मॅडमचे बोट अकरा आकड्यांवरून हळूहळू खाली गेले. टक्क्यांत दोन पूर्णांक चौदा, दोन पूर्णांक बारा, दोन पूर्णांक तेरा, दोन पूर्णांक चौदा.

"देखिए अंकल," त्या म्हणाल्या. "ग्यारा बार जलाया. ग्यारा बार वहीच आया. गलत हाथ हर बार अलग गलती करता. ये हाथ तो..." त्यांनी वाक्य सोडून दिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ये मेरे कू दिखना था," त्या म्हणाल्या. "पढ़ाती मैं यहीच हूँ बच्चों कू."

हिम्मतराव त्या आकड्यांकडे पाहत होते. एकतीस वर्षांत त्यांच्या काट्यावर इतकी पक्की वजने कोणी केली नव्हती. अकरा वेळा. भेगा पडलेल्या बोटांनी, दोन हातमोज्यांतून, स्वतःवरचा विश्वास दर वेळी थोडा थोडा गमावत तिने अकरा वेळा खरे तेच लिहिले होते. तिच्या वाट्याला खोटे आले होते, पण तिने ते खरे मोजले होते. त्यांना वाटले, ती वही उचलावी, आणि धावत घरी जाऊन दाराच्या मागच्या खुंटीसमोर उघडून धरावी.

मॅडम म्हणाल्या की पहिले आकडे बरोबर आहेत, ते रेणूच्याच नावाने राहतील, छापले जातील तेव्हाही. आज आणलेल्या कवचांतले थोडे उद्याच जाळून पाहू. एकवीसच्या जवळपास भरले की शंका उरणार नाही. त्यांनी नमुन्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, पेनाचे टोपण काढले. नमुना, स्थळ, प्रक्रिया, करणाऱ्याचे नाव. मग पेन थांबले. "पापडखार," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे पाहिले. "घर में ये काम कौन..."

"मीच," हिम्मतराव मराठीत म्हणाले. मग दख्खनीत, "मैंच धोता था. बच्ची की माँ को कुछ मालूम नहीं." त्यांनी हात पुढे केला. "लाओ मॅडम, मैं लिखता."

मॅडमनी त्यांच्याकडे आणखी थोडा वेळ पाहिले. त्या टेबलावरची पिशवी, तिच्या तोंडाची नीट बसवलेली दुहेरी गाठ त्यांना दिसत होती. त्यांनी पेन दिले. हिम्मतरावांनी चिठ्ठीवर मराठीत लिहिले, स्टोअर्समधल्या त्या टपोऱ्या अक्षरात: खुबानीच्या गुठलीचे कवच. तारनाका. पापडखाराच्या पाण्यात उकळले. आणि चौथ्या ओळीत आपले पूर्ण नाव. लिहिताना त्यांना असे वाटले नाही की आपण खोटे लिहीत आहोत. उकळले कोणी, एवढ्यापुरते ते खोटे होते. पण तिच्या हातावर संशयाचा पहिला थेंब घरात कोणी टाकला, असे कोणी विचारले असते तर त्या ओळीत हेच नाव यायला हवे होते. मग त्यांनी वही ओढली आणि मॅडमकडे पाहिले. मॅडमनी मान हलवली. लाल शब्दांखाली त्यांनी तेच दोन शब्द मराठीत लिहिले, करणाऱ्याची चूक; पुढे एक आडवी रेघ ओढली, आणि रेघेपुढे सही केली. तारीख घातली. आज पहिल्यांदाच त्यांनी ती तारीख पाहिली.

ते घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. तारामती जेवायची थांबली होती. ताटे मांडता मांडता तिने विचारले, भेटल्या का मॅडम. भेटल्या, ते म्हणाले. वरणभात कालवताना त्यांना जाणवले की ती पुढचे विचारत नाही, पण वाढायचेही थांबली आहे, डाव हातात धरून.

"मॅडम म्हणाल्या," ते म्हणाले, "इतक्या स्वच्छ गुठल्या आजवर कोणाच्या घरून आल्या नाहीत."

तारामतीने भाताचे भांडे झाकले. "मग," ती म्हणाली. "उष्टं कसं देणार." आणि ती आत गेली. बराच वेळ आत टाकीच्या नळाचा आवाज येत राहिला, पाण्याचा दिवस नसताना.

जेवणानंतर ते टीव्हीसमोर बसले. टीव्ही लावला नाही. तिने त्यांना वाटीत मीठा आणून दिला, आणि हातावर दोन सुकी खुबानी ठेवली. पुड्यात एवढीच उरली होती, म्हणाली. त्यांनी मीठा संपवला. मग एक खुबानी तोंडात टाकली. ती चामड्यासारखी चिवट होती. हळूहळू मऊ झाली, आंबटगोड गर सुटला, आणि जिभेला मधली कठीण गोष्ट लागली. त्यांनी ती गालात धरून ठेवली. कुठूनही आकडा ओरडला गेला नाही. तारामती शेजारी उभी राहून वाट पाहत होती. मग तिने, गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात पाहत असे तशीच, सवयीने तळहात पुढे केला.

हिम्मतरावांनी गुठली तोंडातून काढली आणि तिच्या हातावर ठेवली.